‘भूत’ म्हणजे कोण?

भुते आहेत की नाहीत, हा वाद वसतिगृहात रात्री सुरू झाला की सकाळपर्यंत मिटत नाही. तो येथे उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. मला बोलायचे आहे ते शब्दाविषयी. भूत असो वा नसो, शब्द तर आहेच. आणि त्याच्या नावाने माणसांना मार खावा लागतो.

‘भू’ म्हणजे होणे, या संस्कृत धातूपासून हा शब्द आला. जे झाले ते भूत. होऊन गेलेला काळ तो भूतकाळ. ज्यांपासून सृष्टी घडली ती पंचमहाभूते. आणि जन्मास आलेला प्रत्येक जीवही भूतच. भूतदया म्हणजे काही पिशाच्चांवरची दया नव्हे! पसायदानात ज्ञानेश्वरांनी ज्या भूतांसाठी मागणे मागितले, ते सर्व प्राणिमात्र होत. मेल्यावरही मागे रेंगाळणारा, हा भीतीचा अर्थ या शब्दाच्या अनेक अर्थांपैकी केवळ एक.

शेजारच्या भाषांतही अशीच गंमत आहे. आपल्या हैदराबादेत रोज कानी पडणाऱ्या तेलुगूत भुताला ‘दय्यम’ म्हणतात. तो ‘दैव’ या शब्दापासून झाला. कन्नड विभागातील आमच्या मित्रांचा ‘देव्व’ही त्याच कुळातला. तुळुनाडात तर ‘भूत’ पूजले जाते आणि भूतकोलात लोक त्याच्यापुढे गाऱ्हाणी मांडतात. कोकणात वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेताळाचा ‘वेतोबा’ झाला आहे व भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात.

मग बिघडते कोठे? घरातली मुलगी असंबद्ध बडबडू लागली की कोणीतरी म्हणते, ‘हिला भूत लागले.’ त्या क्षणापासून ती आजारी राहत नाही. दोरखंड, काठी, मिरचीची धुरी, सारे चालते. कारण मार तिला नसून भुताला आहे, अशी समजूत! महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच बाब आहे ती भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या या मारहाणीची. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. कर्नाटकानेही २०१७ साली असा कायदा केला.

कोणी म्हणेल, कायदा झाला, आता शब्दाचा कीस कशाला? परंतु कायदा धावून येतो तो मार पडल्यावर. शब्द त्याआधी उच्चारला जातो. खतावणीत एक रक्कम भलत्याच खात्यावर पडली की पुढचे सारे हिशेब चुकतात, हे आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. दुखणे भुताच्या खात्यावर मांडले की तेच होते.

आपण शिकलेले लोक सुट्टीत गावी जातो. तेथे ‘भूत लागले’ हे शब्द कानी आले, तर हसून सोडून देऊ नये. भूत म्हणजे जीव, हा अर्थ ध्यानी धरावा आणि त्या जिवाला आधी डॉक्टरकडे न्यावे. भूतदया म्हणतात ती हीच!