जुन्या विमानाला नवे इंजिन

झाशी हे रेल्वेचे मोठे जंक्शन. तेथून वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली, पुढे विजेची आली. मागे जोडलेल्या डब्यांना या स्थित्यंतराची फारशी गंधवार्ताही लागली नाही. कपलिंग सोडवावयाचे, दुसरे इंजिन आणून लावावयाचे, की गाडी मार्गस्थ. अशा गावी वाढलेल्या विद्यार्थ्यास विमानाचेही तसेच असावे असे वाटले तर नवल नाही. जुने, इंधनखाऊ इंजिन उतरवावे आणि काटकसरी टर्बोफॅन चढवावा! वृत्तपत्रांतूनही हा विषय पुष्कळदा इतक्याच सोपेपणाने मांडला जातो. वस्तुतः विमानाचे इंजिन बदलणे म्हणजे बव्हंशी विमानच बदलणे होय, आणि केवळ इंधनबचतीच्या टक्केवारीवरून त्याचा निर्णय करणे धोक्याचे आहे.

काटकसर मात्र खरी आहे. जेट इंजिन हवा मागे फेकते व तिच्या प्रतिक्रियेने विमान पुढे जाते. थोडी हवा अतिवेगाने फेकली काय किंवा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेकली काय, रेटा तेवढाच मिळू शकतो. खर्च मात्र सारखा होत नाही. रेटा वेगाच्या प्रमाणात वाढतो, तर हवेला द्यावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जमिनीवर स्थिर असलेल्या इंजिनापुरते बोलावयाचे तर, दुप्पट हवा निम्म्या वेगाने ढकलल्यास तोच रेटा निम्म्या ऊर्जेत मिळतो. बेतवा नदीतील नावाडी वल्ह्याचे पाते रुंद ठेवतो त्यातील मर्म हेच. टर्बोफॅनचा पुढील पंखा हे त्याचे रुंद वल्हे. त्याने ओढलेल्या हवेपैकी थोडी इंजिनाच्या गाभ्यात जाऊन ज्वलनास उपयोगी पडते. उरलेली गाभ्याला वळसा घालून मागे जाते. १९६० साली एअर-इंडियाने मुंबईस आणलेल्या बोइंग ७०७ विमानांवर रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिने होती. त्यांत वळसा घालणारी हवा गाभ्यातील हवेच्या सुमारे ०.३ पट असे. आज एअरबस ए-३२० निओच्या इंजिनांत ती ११ ते १२ पट असते. नवे इंजिन आणि पंखांच्या टोकांची नवी घडण मिळून या विमानाला पूर्वीच्या ए-३२० पेक्षा सुमारे १५ टक्के इंधन कमी लागते.

परंतु रुंद वल्ह्याला नावही तशीच हवी. बोइंग ७३७ हे १९६७ साली प्रथम उडालेले, पायांनी ठेंगणे विमान. त्याच्या ‘मॅक्स’ या आवृत्तीवर सुमारे १.७६ मीटर व्यासाचा पंखा बसविताना इंजिने पुढे आणि वर सरकवावी लागली. त्यामुळे काही परिस्थितीत नाक वर उचलले जाण्याची प्रवृत्ती वाढली, म्हणून ते आपोआप खाली दाबणारी संगणकीय योजना त्यात घातली गेली. ही योजना एकाच संवेदकाच्या मापावर विसंबून होती, आणि वैमानिकांना तिची पुरेशी माहितीही दिलेली नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात व मार्च २०१९ मध्ये इथिओपियात अशी दोन विमाने कोसळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही वेळा इंजिने व्यवस्थित चालू होती.

दुसरी अडचण कारखान्याची, आणि ती भारतास अधिक जवळची आहे. मुंबईच्या गो फर्स्ट कंपनीने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबविली. प्रॅट अँड व्हिटनीची दुरुस्त व सुटी इंजिने वेळेवर न मिळाल्यामुळे आपली निम्मी विमाने जमिनीवर अडकली, असे तिचे म्हणणे होते. इंजिनकर्त्यांनी ते अमान्य केले. दोष कोणाचा हा वाद बाजूस ठेवला तरी, उभे असलेले विमान इंधन मुळीच जाळत नाही, एवढीच काय ती त्या काटकसरीची परिणती! जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या विसर्जनाचा आदेश निघाला. अधिक दाब व अधिक तापमान सोसणारी ही नाजूक यंत्रे दुरुस्तीसाठी परदेशी रांगेत उभी राहणार असतील, तर शेकडो इंजिने मागविताना त्यांच्याबरोबर कार्यशाळाही न मागणारा ग्राहक अर्धाच माल विकत घेत असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादेस लीप जातीच्या इंजिनांसाठी साफ्रान कंपनीच्या कार्यशाळेचे उद्घाटन झाले, ही गोष्ट एखाद्या नव्या विमानाच्या आगमनापेक्षा मोलाची मानावयास हवी.

कधी कधी मात्र इंजिन न बदलणेच शहाणपणाचे ठरते. भारतीय हवाई दलात १९७९ पासून असलेल्या जग्वार विमानांची अडूर इंजिने टर्बोफॅनच आहेत. पण बुंदेलखंडातील मे महिन्यासारख्या तप्त, विरळ हवेत त्यांचा रेटा तोकडा पडतो. त्यांच्या जागी हनीवेल कंपनीची हलकी व अधिक जोरकस इंजिने बसविण्याचा विचार अनेक वर्षे चालला आणि किंमत फार पडते म्हणून २०१९ मध्ये सोडून देण्यात आला. या निर्णयावर टीका झाली. तथापि ज्या विमानांच्या सेवेची वर्षे आता मोजकीच उरली आहेत, त्यांच्यावर तेवढा पैसा घालणे कितपत योग्य, याचा हिशेब टीकाकारांनी क्वचितच मांडला. जग्वार अद्याप अडूरवरच उडत आहेत.