शिवडीतल्या दळणाचा हिशेब

वस्ती कधी बदलणार, हे पिठाच्या गिरणीवाल्याला इस्टेट एजंटाच्या आधी कळतं. एजंट नकाशा बघतो, आम्ही डबे बघतो.

माझ्या वडिलांची गिरणी डिलाईल रोडला होती. खानावळवाल्या बायका रोज ज्वारीचं दळण टाकायच्या. १८ जानेवारी १९८२ला कापड गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि वर्षभरात खानावळींची दळणं जवळजवळ थांबली. मग घरगुती डबे पाच किलोंवरून दोनवर आले. बायका-मुलं गावी गेलेली, खोलीत एकटा बाप्या. पुढे तो डबाही यायचा बंद झाला. टॉवर त्यानंतर कितीतरी वर्षांनी उभे राहिले.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कापड गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: पालिका, म्हाडा आणि मालक. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. २००६मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम केला. लोअर परळच्या जाहिरातींत 'अप्पर वरळी' असं नाव दिसलं, तेव्हा वडील म्हणाले, "आता आपलं दळण संपलं." त्यांनी गिरणी विकली. मी शिवडी नाक्याजवळ गाळा घेतला.

आता डब्यांतली तीच खूण मला शिवडीत दिसते आहे. कारणंही समोर आहेत. शिवडीतून समुद्रावरून जाणाऱ्या अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालं. शिवडीतून वरळीकडे जाणाऱ्या उन्नत मार्गासाठी जुना एल्फिन्स्टन पूल २०२५च्या सप्टेंबरात बंद झाला. अशा सेतूची दोन्ही टोकं जिथे टेकतात, तिथल्या जमिनीचा भाव चढणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवडी, काळाचौकी, कॉटन ग्रीन, मग माझगाव, असा क्रम मी लावतो. शिवडीच्या बीडीडी चाळींची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आताच्या पोर्ट अथॉरिटीची असल्यानं त्या पुनर्विकासात मागे पडल्या आहेत. त्यांच्या आसपासच्या सेसच्या, म्हणजे उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास मात्र कोणी थांबवणार नाही.

या अंदाजावर गुंतवणूकदार पैसे लावतात. माझं म्हणणं आहे, तोच अंदाज पालिकेनं माणसं टिकवण्यासाठी वापरावा.

कोण जाणार, तेही आधीच दिसतं. पागडीवाल्या भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांचं घर मिळेल. पोटभाडेकरूचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, त्याला काही मिळत नाही. माझ्याकडे नाचणी दळायला येणाऱ्या एक मावशी तेवीस वर्षं एका खोलीत राहतात, पण भाडेपावती दुसऱ्याच्या नावावर. घर मिळालेलेही सगळे टिकत नाहीत. लिफ्ट, पंप, पार्किंग, रखवालदार यांचा महिन्याचा खर्च आला की पेन्शनवरचं घर डगमगतं. वरळीच्या बीडीडीत देखभालीची १२ वर्षांची सोय केली आहे. खाजगी बिल्डरच्या इमारतीतही ती सक्तीची हवी. आणि इमारत पाडण्याआधी प्रत्येक खोलीत प्रत्यक्ष कोण राहतं, याची नोंद हवी, पावती कोणाच्याही नावावर असो. गिरणी, इस्त्री, चप्पल शिवणारा यांना रस्त्यालगत परवडेल असा गाळा हवा. मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर दळण कोण घेऊन जाणार?

गेल्या दिवाळीत बदलापूरहून एक ताई भाजणी घेऊन आल्या. पूर्वी आमच्या मागच्या चाळीत राहायच्या. तिथेही गिरण्या आहेत, पण चकलीला भाजणी किती जाडसर लागते ते तुम्हालाच कळतं, असं म्हणाल्या. कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर पकडायची आणि मांडीवर आठ किलोंचा डबा. असे परगावाहून येणारे डबे मी वहीत वेगळे लिहितो. तीन वर्षांपूर्वी चार होते, गेल्या दिवाळीत एकोणीस झाले. समोरच्या दोन इमारतींतून दळण बंद झालेली घरंही तारखेसकट लिहून ठेवली आहेत. परळच्या एफ दक्षिण वॉर्ड ऑफिसात कोणी बघणार असेल, तर ती वही घेऊन यायला मी तयार आहे.