पाठ झाले, पण आले का?

फेब्रुवारी उजाडला की आपल्या धर्मग्रामांतील ज्या घरात दहावीचा विद्यार्थी असतो त्या घराचा दिनक्रमच बदलून जातो. दूरदर्शन संचावर चादर पडते, पाहुण्यांना सूचक निरोप जातात, लग्नाचे आमंत्रण आले तर आई घरी थांबते आणि वडील एकटेच जाऊन येतात. २०२५ साली शालान्त लेखी परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च या काळात झाली. ५ मार्चचा राखेचा बुधवार ऐन परीक्षेत आला आणि त्या वर्षी अशा घरांना दुहेरी उपवास घडला.

एवढ्या त्यागाचे फळ कागदावर तरी भरघोस दिसते. २०२५ चा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. २११ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी, म्हणजे १०० टक्के गुण मिळाले. असे असताना अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर हीच मुले भौतिकशास्त्राचे पुस्तक समोर ठेवून हताश का बसतात, हा प्रश्न पालकांनी आणि शिक्षकांनीही स्वतःला विचारावयास हवा. मुले अभ्यास करीत नाहीत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट आजची मुले पूर्वीच्या पिढीपेक्षा जास्त तास पुस्तकापुढे बसतात. प्रश्न आहे तो त्या तासांत नेमके काय घडते, याचा.

निकालाच्या आकड्यांनी भुलून जाण्यापूर्वी एक अलीकडचा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेकडून मिळणारे अंतर्गत गुण काढून घेतले आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, २०२० मध्ये अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घटली आणि दुसऱ्या वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. मोजपट्टी बदलली, एवढेच. आज विषयाला लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण आहेत. उत्तीर्ण होण्यास ३५ लागतात. शाळेने १८ गुण दिले तर लेखी परीक्षेत ८० पैकी १७ गुण मिळवणाराही पार होतो. अशा मुलाला आपण पास म्हणतो, पेढे वाटतो आणि त्याला काय येत नाही हे त्याच्यापासूनही लपून राहते.

आता मुले अभ्यास कसा करतात ते पाहू. सकाळी शाळा, दुपारनंतर क्लास, क्लासच्या नोट्स, घरी आल्यावर मार्गदर्शक. धडा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींवर पिवळ्या पेनाने रेघा ओढायच्या, पुन्हा वाचायचा. डिसेंबर-जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली की अपेक्षित प्रश्नसंच हाती येतात. तेही वाचायचे, पण उत्तर शेजारीच छापलेले असते. मुलगी आईला सांगते, ‘माझा आनुवंशिकतेचा धडा तिसऱ्यांदा झाला.’ आईला समाधान वाटते. मुलीलाही वाटते, आणि नेमका हाच या पद्धतीचा दोष आहे. तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा झालेला असतो. चेहरा ओळखणे वेगळे आणि त्या माणसाचे नाव, गाव, नातेगोते न विचारता सांगता येणे वेगळे.

या बाबतीत केवळ वडीलधाऱ्यांच्या उपदेशावर विसंबण्याची गरज नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचावयास दिले. काही उताऱ्यांचे दुसऱ्यांदा वाचन करवले. काही उतारे काढून घेऊन जेवढे आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनंतर तपासले तेव्हा पुन्हा वाचलेला मजकूर अधिक आठवला : ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. दोनदा वाचलेल्यापैकी ४२ टक्के उरले आणि आठवून लिहिलेल्यापैकी ५६ टक्के. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वासही अधिक होता! आपल्या मुलांच्या ‘तिसऱ्यांदा झाला’ या वाक्याचे मर्म या एका निरीक्षणात आहे.

अभ्यास एका बैठकीत न उरकता दिवसांच्या अंतराने करावा, ही गोष्ट तर हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे मात्र दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीवर भिस्त ठेवण्याची प्रथा आहे. ‘इतिहासाला मध्ये दिवस आहे’ असे म्हणून तो विषय डिसेंबरपासून गुंडाळून ठेवणारी मुले थोडी नाहीत. रात्रभर जागून केलेले ते पाठांतर सकाळच्या पेपरापुरते पुरते, पण त्यातले अकरावीत काय उरणार?

गणिताची गोष्ट आणखी निराळी. पुस्तकात वर्गसमीकरणांच्या प्रकरणाखाली वर्गसमीकरणांचीच उदाहरणे असतात आणि अंकगणिती श्रेढीच्या खाली श्रेढीची. कोणते सूत्र वापरायचे हे प्रकरणाच्या नावानेच सांगितलेले असते. मुलाला फक्त आकडे घालायचे उरते. प्रश्नपत्रिकेत ते नाव पुसलेले असते. म्हणून ज्याने सरावसंच ओळीने सोडवला त्याला पेपरात ‘हे कधी पाहिलेच नाही’ असे वाटते. चार प्रकरणांतली चार उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून, एकेक उचलून सोडवणे, एवढाच यावरचा उपाय. त्याला पैसे लागत नाहीत. वेळ मात्र जास्त लागतो आणि चुका जास्त होतात, म्हणून मुले ते टाळतात. या चुका घरात झालेल्या बऱ्या, हे पालकांनी त्यांना सांगावयास हवे.

घोकंपट्टीवर उतारा म्हणून मंडळाने नव्या अभ्यासक्रमासोबत भाषांसाठी कृतिपत्रिका आणली. हेतू स्तुत्य होता : मुलाने स्वतः विचार करून लिहावे. पण बाजार मंडळापेक्षा चपळ निघाला आणि कृतिपत्रिकांचेही उत्तरांसहित संच दुकानांत आले. स्वमत विचारणाऱ्या प्रश्नाचे स्वमतही आता छापील मिळते.

क्लासविषयीही थोडे लिहिले पाहिजे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना खासगी शिकवण्यांत प्रवेश देऊ नये, असे म्हटले. गल्लीतल्या पाट्या मात्र जागच्या जागी आहेत. आम्ही सगळ्या क्लासांना दोष देत नाही. काही ठिकाणी शाळेत राहिलेली उणीव तेथे खरोखरच भरून निघते. परंतु शाळेचे सहा तास ऐकण्याचे आणि क्लासचे तीन तास पुन्हा ऐकण्याचे, असा दिवस गेल्यावर मुलाने पुस्तक मिटून स्वतःशी आठवून पाहावे तरी कधी? फी भरून आपण मुलाचा तोच एक तास विकत देऊन टाकतो.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर या प्रश्नात धर्मग्रामाला करता येण्याजोगे बरेच आहे. अनेक घरे दोन खोल्यांची. एका खोलीत आजी आजारी, दुसरीत धाकटी भावंडे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटनेचे कार्यकर्ते अनेक ठिकाणी वह्यापुस्तके व फी यांचा भार उचलतात, ते मोलाचेच आहे. पण संध्याकाळी सात ते नऊ रिकामे असणारे सभागृह, चार दिवे आणि शेजारी बसून ‘पुस्तक मिट आणि मला सांग’ असे म्हणणारा बारावीचा एखादा दादा किंवा ताई, ही गरजही तितकीच मोठी आहे. दादाने विषय शिकवलाच पाहिजे असे नाही. त्याने विचारावे आणि ऐकावे.

आणि ही सोय मे महिन्यात बंद होता कामा नये. २०२५ मध्ये नियमित परीक्षार्थींपैकी सुमारे ९१ हजार मुले अनुत्तीर्ण झाली. त्यांच्यासाठी २०१५ पासून वर्ष वाया न जाता लगेच पुरवणी परीक्षा घेतली जाते, ही उत्तम सोय आहे. परंतु निकालापासून त्या परीक्षेपर्यंतचे पाच-सहा आठवडे त्या मुलांना कोणी वाली नसतो. शाळा त्यांना निरोप देऊन मोकळी झालेली असते, क्लासची नवी तुकडी सुरू झालेली असते आणि घरात त्या विषयावर बोलणेही नकोसे झालेले असते. नेमक्या याच दिवसांत धर्मग्रामांत गुणगौरव सोहळे होतात, नव्वदीच्या पुढच्यांची नावे वाचली जातात, आणि हा मुलगा त्या रविवारी मिस्साला मागच्या दारातून येतो किंवा येतच नाही. त्याचा एक किंवा दोन विषय राहिलेला असतो. रोज दोन तास, पुस्तक मिटून विचारणारे एक माणूस आणि जूनअखेरपर्यंतचा वेळ, एवढ्यावर तो विषय सुटू शकतो. सभागृहाची किल्ली कोणाकडे असते, हे प्रत्येक धर्मग्रामात सर्वांना ठाऊक आहे.