हाडांच्या पोटातला कारखाना

बालमित्रांनो, आपल्या नडगीवरून जरा हात फिरवून पाहा. काय लागतं हाताला? दगडासारखं टणक हाड! पण हाड म्हणजे काही निर्जीव दगड नव्हे बरं का. त्यात रक्त खेळतं, ते वाढतं आणि मोडलं तर स्वतःच स्वतःला सांधून घेतं.

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. तान्ह्या बाळाच्या अंगात मात्र तीनशेच्या आसपास! मग उरलेली जातात कुठे? कुठंच जात नाहीत. बाळ मोठं होतं तशी त्यातली काही हाडं एकमेकांना जुळून एक होतात. सर्वांत लांब हाड मांडीचं आणि सर्वांत लहान कानातलं, जेमतेम ३ मिलिमीटरचं.

हाड कशाचं बनतं, हे घरीच पाहा. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ धुतलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. व्हिनेगर मधूनमधून बदला. काही दिवसांनी ते हाड रबरासारखं वाकेल! कारण व्हिनेगरने त्यातले कॅल्शियमचे क्षार काढून घेतले आणि मागे उरले प्रथिनांचे चिवट धागे. क्षारांमुळे हाडाला कणखरपणा येतो आणि धाग्यांमुळे चिवटपणा. दोन्ही हवेत.

तुमची उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळ. तिथे मऊ कूर्चेचा पातळ थर असतो. तो वाढत जातो आणि मागून त्याचं हाड होत जातं. मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी, मुलांमध्ये सतरा-अठराव्या वर्षी हा थर पुरता हाड बनतो, की उंची थांबली! म्हणून याच वयात दूध, नाचणी, हिरव्या भाज्या, डाळी, ऊन आणि खेळ यांची चंगळ हवी.

हाडं शरीराला आधार देतात. कवटी मेंदूला जपते, बरगड्या हृदयाला आणि फुप्फुसांना जपतात. पण हाडांचं एक काम बाहेरून दिसतच नाही. हाडाच्या आत मऊ मगज असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. हाच रक्ताचा कारखाना! मोठ्या माणसात तिथे दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते.

आता चला सातपुड्यात. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव, अक्कलकुवा भागातल्या भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत सिकलसेल नावाचा आजार आढळतो. सिकल म्हणजे विळा. निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते, बारीक वाहिनीतूनही अलगद सरकते. या आजारात मात्र ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. दहा-वीस दिवसांतच मरते, म्हणून अंगात रक्त कमी पडतं. शिवाय अशा पेशी वाहिन्यांत अडकतात. हाडाला रक्त पोचलं नाही, की ते भयंकर ठणकतं. लहान बाळांचे हातपाय सुजतात. काहींच्या खुब्याचं हाड खराब होऊन ती लंगडू लागतात.

अशा वेळी घरचे म्हणतात, "कामाचा कंटाळा आहे." शाळेत म्हणतात, "ढोंग करतो." त्या मुलाला केवढं वाईट वाटत असेल! बाहेरून जखम दिसत नाही, पण दुखणं अगदी खरं असतं.

हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. तो आईवडिलांकडून येतो. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो. उलट त्याला गंभीर हिवतापापासून थोडं संरक्षणच मिळतं. हिवतापाच्या रानावनांत हा गुण पिढ्यानुपिढ्या टिकला तो त्यामुळेच.

पालकांनो, बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर पहिली तपासणी होते. सोयरीक जुळवण्याआधी दोन्हीकडच्यांनी ती करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आजार असला तरी घाबरून जाऊ नये. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमित घेतल्या तर दुखण्याच्या कळा पुष्कळ कमी होतात. ताप आला किंवा छातीत दुखलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

आणि दोस्तांनो, तुमच्या वर्गात असा कोणी मित्र असेल तर? त्याला वरचेवर पाणी पिऊ द्या, थंडीत स्वेटर घालायची आठवण करा. धावताना तो थांबला तर हसू नका. "चल, तू पंच हो," म्हणा आणि त्याला खेळात घ्या!

पुढच्या अंकात भेटू या सांध्यांना. गुडघा वाकतो, पण मागे का वाकत नाही? तोवर विचार करून ठेवा!