आग्रा रोडवरचा शेजार



शिमगा झाला आणि मी मुंबईला जाऊन आलो. घाटकोपरला माझे थोरले मामा असतात. गुऱ्हाळ संपले की गुळाची एक ढेप आणि पायलीभर हरभरा घेऊन मी दरवर्षी त्यांच्याकडे दोन दिवस जातो. या खेपेस गेलो तर खोलीचे दार सताड उघडे आणि मामा आत नाहीत. शेजारच्या खोलीतून त्यांचा खणखणीत आवाज येत होता, "चौदा चोक?" आणि पाठोपाठ एका पोराचा, "छप्पन!"

त्या खोलीत बिहारचे एक कुटुंब राहते. मला गंमत वाटली ती अशी, की सात-आठ वर्षांपूर्वी हेच मामा त्या खोलीकडे पाठ करून बसत असत. हा बदल कसा झाला, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

मामा वाळवा तालुक्यातले. १९६८ साली अठराव्या वर्षी मुंबईला गेले. घरची दीड एकर जमीन आणि खाणारी तोंडे नऊ. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात ते लागले. जुनी माणसे त्या रस्त्याला अजून आग्रा रोड म्हणतात. टेकडीच्या उतारावरच्या चाळीत त्यांनी खोली घेतली, मामी आल्या, संसार उभा राहिला. पुढे कारखान्यात कायम कामगार कमी करून ठेकेदाराची माणसे भरायला सुरुवात झाली. ती बरीचशी बाहेरच्या राज्यांतली. काही वर्षांनी कारखानाच बंद पडला. हातात आली ती तुटपुंजी पेन्शन. मामांच्या मनात एक गाठ तेव्हा बसली ती बसली: आमच्या पोटावर पाय आणला तो या भय्या लोकांनी.

२०१७ साली मामी गेल्या. मुलगा डोंबिवलीला राहायला गेलेला. तो न्यायला आला, पण मामा म्हणाले, "ह्या खोलीतनं आता चौघांच्या खांद्यावरच जाईन." माणूस मुळात तापट, त्यात एकटा पडला. कोणी बोलायला गेले तर खेकसायचे. मग कोणी जाईनासे झाले.

अशात २०१८ साली शेजारच्या भाड्याच्या खोलीत हे बिऱ्हाड आले. समस्तीपूर जिल्ह्यातले. नवरा लाद्या बसवणारा, बायको घरीच, थोरली मुलगी आणि धाकटा रांगता. पहिल्या दिवसापासून ठिणगी. मोहरीच्या तेलाचा वास आला की मामा दार आपटून बंद करायचे. पाण्याचे पिंप चार बोटे इकडे सरकले की भांडण. मी गेलो की तासभर त्यांच्याच तक्रारी. मी एकदा म्हणालो, "मामा, तुम्हीसुद्धा गाव सोडूनच आलात की." त्यावर त्यांनी दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

मामांच्या दाराबाहेर एका पत्र्याच्या डब्यात मामींची तुळस होती. मामी गेल्यावर तिला कोणी पाणी घालीना. एका सकाळी मामांनी पाहिले, शेजारीण तिला तांब्याभर पाणी घालून हात जोडते आहे. मामा ओरडले, "आमच्या तुळशीला हात लावायचा न्हाई!" ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशीही मामा उठायच्या आत तुळशीची माती ओली होती. तिसऱ्या दिवशीही. आठ-पंधरा दिवसांत तुळशीला पालवी फुटली. मामांनी ते पाहिले आणि गप्प बसले.

त्यांचे पहिले धड बोलणे झाले ते एका भांडणातून. २०१९ चा जुलै होता. शेजारणीने श्रावणी सोमवार धरला. मामा दारातून म्हणाले, "आरं, आषाढ अजून संपला न्हाई आन् हिला श्रावण कुठनं आला?" नवरा म्हणाला, "बाबूजी, हमारे यहाँ सावन लग गया." दोघे हट्टाला पेटले. मामांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले, त्याने गावाकडच्या पंडिताला फोन लावला. शेवटी निघाले असे, की दोघांचेही खरे. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्याचा, पण आपला आषाढ वद्य पक्ष तो त्यांच्याकडे श्रावणाचा. म्हणून त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो.

मामांना हे ठाऊक नव्हते. एकोणसत्तराव्या वर्षी नवे काही कळले, याचा त्यांना आनंद झाला असावा. कारण त्यांनी पुढे विचारले, "तुझ्याकडं जमीन किती?"

मंडळी, शेतकऱ्याच्या पोराने शेतकऱ्याच्या पोराला हा प्रश्न विचारला की पुढे तासभर जातोच. त्याची जमीन एक एकराच्या आत, तीही भावाभावांत. बूढी गंडक नदीच्या पाण्याची भीती प्रत्येक पावसाळ्यात. मका, गहू, अरहर. "अरहर म्हंजे?" मामांनी विचारले. त्याच्या बायकोने डबा उघडून दाखवला. तूर! मग म्हशीचा विषय निघाला, उसाचा निघाला. दीड एकर आणि नऊ तोंडे हे गणित मामांना नवे नव्हते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर छठ झाली. कार्तिक शुद्ध षष्ठीला बुडत्या सूर्याला अर्घ्य देतात आणि दुसऱ्या दिवशी उगवत्याला. कडक निर्जळी उपास असतो. मुंबईतली बिहारी मंडळी त्यासाठी जुहूच्या किनाऱ्यावर मोठी गर्दी करतात. तिथून परत आल्यावर शेजारणीने मामांना ताटलीत ठेकुआ आणून दिला. कणीक आणि गूळ घट्ट मळून तुपात तळलेला. मामांनी एक तुकडा मोडला आणि म्हणाले, "ह्या तर आपल्या कापण्या." मामी दर आषाढात कापण्या तळायच्या. मामा मला हे सांगताना मध्येच थांबले आणि उगाच चष्मा पुसू लागले.

पण खरी कसोटी पुढे आली. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी लागली. लोकलगाड्या आधीच थांबल्या होत्या. डोंबिवलीचा मुलगा येऊ शकेना. मामांना साखरेचा आजार, आणि म्हाताऱ्यांनी बाहेर पडायचे नाही असा हुकूम. औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिला तो शेजारी. आणि शेजाऱ्याचा ठेकेदार मात्र दोन महिन्यांची मजुरी बुडवून फोन बंद करून बसला. त्यांच्या घरात पीठ उरले आठ दिवसांचे. मामांच्या रेशनचे तांदूळ, गहू आणि मी दिलेला गूळ दोन्ही घरांत वाटून जाऊ लागला. एकाच चुलीवर, मोहरीच्या तेलात.

एप्रिल सरला. मुंबईतून माणसांचे तांडे चालत निघाले होते. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे, कसाऱ्याच्या घाटातून नाशिककडे आणि पुढे उत्तरेकडे. एका रात्री शेजारी म्हणाला, "बाबूजी, हम लोग भी पैदल निकल जाते हैं." समस्तीपूर तिथून हजार मैलांवर.

त्या रात्री मामांनी त्याला अण्णा भाऊ साठ्यांची गोष्ट सांगितली. 'फकिरा' लिहिणारे अण्णा भाऊ आमच्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. दुष्काळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून वडिलांबरोबर लहानपणी पायी चालत मुंबईला आले, आणि आयुष्यातली बरीच वर्षे याच घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. मामा म्हणाले, "पोटासाठी चालत यायचं, त्यात लाज न्हाई. पण ज्या गावात घाम गाळला त्या गावानं माणसाला चालत परत लावावं, ही गावाची लाज हाय. तू चालत जायचं न्हाईस."

१ मे २०२० पासून मजुरांसाठी श्रमिक गाड्या सुरू झाल्या. त्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा होता. अर्ज मामांनी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि बाहेर पडायचे नाही हा हुकूम मोडून स्वतः नेऊन दिला. तिथल्या माणसाने विचारले, "तुम्ही यांचे कोण?" मामा म्हणाले, "शेजारी."

मे महिन्यात त्यांना गाडी मिळाली. जाताना खोलीची किल्ली मामांपाशी दिली. मामा परत एकटे. पण आताचे एकटेपण वेगळे होते. पहिले रागाचे होते, हे वाट पाहण्याचे. घरमालकाने खोली दुसऱ्याला द्यायचे ठरवले, तेव्हा मामांनी आपल्या पेन्शनमधून आणि थोडे मुलाकडून घेऊन पाच महिन्यांचे भाडे भरले. मुलाला राग आला. मीही फोनवर म्हणालो, "मामा, ते परत आलेच नाहीत तर?" मामा म्हणाले, "तर पाच महिन्यांचं भाडं गेलं. माझं आयुष्य गेलं तेव्हा कोण विचारायला आलं होतं?"

दसऱ्याच्या सुमारास ते परत आले. त्या वर्षी छठला समुद्रावर जायला मुंबईत परवानगी नव्हती. एके दिवशी मामांचा मला फोन आला, "सात ऊस पाठव. पाल्यासकट, चांगले सरळ." भाजीचा टेम्पो वाशीला जात होता, त्यात टाकून दिले. मला वाटले, तुळशीच्या लग्नाला हवे असतील. नंतर कळले, पाच उसांचा मांडव चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत छठसाठी उभा राहिला. मध्ये पाण्याचे टब ठेवून शेजारणीने सूर्याला अर्घ्य दिले. उरलेले दोन ऊस मामांनी ठेवून दिले होते. सहाव्या दिवशी, द्वादशीला, त्यांनी मामींच्या तुळशीचे लग्न लावले. मामी गेल्यापासून ते बंद होते. मुलीकडचे म्हणून अंतरपाट धरायला बिहारचे पाहुणे.

यावरून मामा अगदी संत झाले असे समजू नका. पिंपावरून अजून भांडतात. ठेकेदारीवरचा रागही गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असे माझेही मत आहे. कायम कामगार काढून स्वस्तातला माणूस लावला, हे मामांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. फक्त ते ज्याच्या दारात नेऊन टाकले, तो माणूस चुकीचा होता. ज्या ठेकेदारीने मामांचे काम नेले, तिनेच शेजाऱ्याची मजुरी बुडवली. हे कळायला मामांना पाव शतक लागले.

माझ्या मुलाने हे ऐकून मला एक अमेरिकन चित्रपट दाखवला. 'ग्रॅन टोरिनो', २००८ सालचा, क्लिंट ईस्टवुड यांचा. त्यातही असाच एक विधुर म्हातारा, मोटारीच्या कारखान्यातला निवृत्त कामगार, शेजारी आलेल्या परक्या कुटुंबावर संतापलेला. ते लोक हमोंग जमातीचे, मूळचे लाओस देशातले डोंगरावरचे शेतकरी. तिथल्या युद्धात अमेरिकेला मदत केली म्हणून १९७५ नंतर हजारोंना देश सोडावा लागला. अमेरिकेत गेल्यावरही त्यांतल्या कित्येकांनी भाजीपाला पिकवून आठवडी बाजारात विकायला सुरुवात केली. चित्रपटातला म्हाताराही बदलतो तो उपदेशाने नाही. शेजारच्या पोराला काम शिकवता शिकवता बदलतो.

म्हणजे गोष्ट घाटकोपरची असो की अमेरिकेची, मर्म एकच. म्हाताऱ्या माणसाला दया नको असते. आपला कुणाला तरी उपयोग आहे, एवढे त्याला हवे असते. सख्ख्या मुलाने मामांना "आराम करा" म्हटले. परक्या शेजाऱ्याने "बाबूजी, अर्ज लिहून द्या" म्हटले. माणूस उठून बसला तो कशाने, हे तुम्हीच पाहा.

मंडळी, हे सगळे मुंबईचे म्हणून सोडून देऊ नका. आता आपल्याही गावात गोठ्यावर, वीटभट्टीवर बिहार, मध्य प्रदेशातली माणसे दिसतात. फडात बीडकडच्या टोळ्या येतात. त्यांचे नाव, गाव, घरी किती माणसे, हे आपल्याला ठाऊक असते का? मजुरी ठरल्या दिवशी देतो का? त्यांना एवढे तरी सांगा, की आधारशी जोडलेल्या गावाकडच्या रेशनकार्डावर आता दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येते. कित्येकांना हे माहीत नसते.

आणि आपल्याच वाड्याच्या सोप्यात एखादे आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले असतील, तर त्यांना नुसता चहा नेऊन देऊ नका. एक काम सांगा. बियाणे निवडून मागा, नातवाचे पाढे घ्यायला सांगा. पहिल्यांदा खेकसतील. माती मात्र रोज ओली ठेवा, पालवी फुटेल.

मी निघालो तेव्हा ते बिहारचे पोर मामांचा हात धरून बस थांब्यापर्यंत सोडायला आले होते. मला म्हणाले, "पुढच्या वेळी ऊस आणा." अगदी आमच्या वाळव्याच्या हेलात.

बरे आहे, पुन्हा भेटूच. रामराम.