व्हिडिओचे हुन्नर आपल्या पेढीत हवे

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. गिऱ्हाईक दुकानात आले की प्रथम तागा उलगडून त्याच्यापुढे टाकायचा, त्याला हात लावू द्यायचा आणि मग भावाचे बोलायचे. आज तो हात लावण्याअगोदर गिऱ्हाईक माल मोबाइलच्या पडद्यावर पाहते. नागपूरचा दुकानदार असो की हैदराबादचा, तो प्रथम म्हणतो, "व्हिडिओ पाठवा." म्हणजे घडी घालणे, लेबल लावणे, गाठ बांधणे ही जशी आपल्या धंद्याची कामे, तसेच व्हिडिओ तयार करणे हेही आता एक काम झाले आहे. फरक इतकाच की घडी आपला माणूस घालतो आणि व्हिडिओ मात्र परका माणूस करतो. यात धंद्याचे नुकसान आहे आणि ते वाढत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या बाजारातील एका घाऊक व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. त्यांनी साड्यांच्या एका नव्या मालासाठी शहरातील एका स्टुडिओकडून व्हिडिओ करून घेतला. चित्र झकास होते, संगीतही होते. मात्र डाळिंबी रंगाची साडी पडद्यावर नारिंगीकडे झुकली. ऑर्डर आली, माल गेला आणि "दाखविले एक, पाठविले दुसरे" म्हणून परत आला. त्यांनी मूळ चित्रण मागितले, तेव्हा ते देण्याचे ठरले नव्हते असे उत्तर मिळाले. भाडे दोन्ही बाजूंचे गेले आणि पत गेली ती वेगळीच.

यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा असे दोन प्रकाश एकाच वेळी कापडावर पडत होते आणि कॅमेरा रंगाचा तोल आपल्या मनाने बदलत होता. चित्रण करणाऱ्या मुलाला कॅमेरा कळत होता, शेड कळत नव्हती. आपल्या गुमास्त्याला शेड कळते, कॅमेरा कळत नाही. ही दोन ज्ञाने एकाच माणसाच्या ठिकाणी यावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चित्र दाखवून धंदा उभा करण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा भांडवल घालायला कोणी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, त्याच्या वाढीचे दिवसामागून दिवस चित्रण केले आणि 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट भांडवलदारांना दाखविला. तो पाहून पैसा उभा राहिला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. फाळके छपाईच्या धंद्यातून आलेले कारागीर होते. चित्रणापासून फिल्म धुण्यापर्यंत आणि जोडण्यापर्यंत प्रत्येक काम त्यांना स्वतः येत होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातच फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम करीत. पहिला कारखाना असा घरात उभा राहिला.

त्याच नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून संकलन शिकून घेतले आणि २००० साली 'मालेगाव के शोले' तयार केला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. त्यातील सुपरमॅन शफीक हा यंत्रमागावर काम करणारा मजूर होता. ट्रॉलीचे काम सायकलीने केले, क्रेनचे काम बैलगाडीने केले. लिहिणारे, अभिनय करणारे, कॅमेरा धरणारे सगळे गावचे. या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला.

मालेगावकरांनी काय सिद्ध केले? हे हुन्नर शिकायला मोठे भांडवल लागत नाही, उस्तादी लागते, आणि उस्तादी हाताने काम केल्यावाचून येत नाही. आज तर परिस्थिती कितीतरी सोपी आहे. खिशातल्या फोनचा कॅमेरा त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यापेक्षा सरस आहे. दोन व्हीसीआरची जागा संगणकाने घेतली असून डाविंची रिझॉल्व्हसारख्या व्यावसायिक प्रणालीची विनामूल्य आवृत्ती मिळते. अडचण साधनांची उरलेली नाही, तालमीची आहे.

आता तालीम कोणती? आपली मुले बटणे दाबायला शिकतात आणि त्यालाच शिक्षण समजतात. बंधूंनो, ज्याला फक्त माग चालू-बंद करता येतो त्याला आपण कारागीर म्हणत नाही. सूत, बीम, विणकाम, प्रोसेस ही सगळी साखळी ज्याला कळते तो कारागीर. व्हिडिओचेही तसेच आहे.

पहिली पायरी लेखनाची. कॅमेरा हातात घेण्याअगोदर कागदाचे दोन भाग करावेत. डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. दोन मिनिटांच्या व्हिडिओत बोलण्यासाठी दोनशे ते अडीचशे शब्दांहून अधिक जागा नसते. म्हणून गिऱ्हाईक कोण आणि त्याला कोणती एक गोष्ट पटवायची, हे आधी ठरवावे लागते. लिखाण मराठीत करा, उर्दूत करा, ज्या भाषेत गिऱ्हाइकाशी बोलता त्या भाषेत करा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. आम्हांस या कामात भाषेची अडचण कधी वाटली नाही, विचार स्पष्ट नसण्याची अडचण मात्र सगळ्यांनाच येते. बीम भरताना राहिलेला दोष प्रोसेसमध्ये निघत नाही, तशी कागदावरची चूक संकलनात निघत नाही.

दुसरी पायरी चित्रणाची. कापडासाठी चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, प्रकाश एकाच जातीचा ठेवावा आणि पांढरा कागद समोर धरून रंगाचा तोल कायम करून घ्यावा. दोन, आपल्याकडची वीज ५० सायकलची असल्याने कारखान्यातील ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे फिरतात. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० ठेवले की हे पट्टे सहसा जातात. तीन, बारीक चौकडी आणि पट्ट्याचे कापड पडद्यावर लहरताना दिसते. कॅमेऱ्याचे अंतर किंवा कोन थोडा बदलावा म्हणजे लहर बसते. चार, आधी पूर्ण साडी, मग काठ-पदर, मग अगदी जवळून विणीचा पोत, असे टप्पे घ्यावेत. एकाच अंतरावरून घेतलेले चित्रण संकलनाच्या वेळी जुळत नाही.

आवाजाचे प्रकरण वेगळे. यंत्रमागाच्या खडखडाटात बोललेले कोणाला ऐकू जाणार? बोलणे शांत खोलीत, कॉलरला लावायच्या माइकवर वेगळे घ्यावे आणि मागाचा आवाज वेगळा नोंदवून त्याखाली हळू ठेवावा. चित्र थोडे कमी असले तरी पाहणारा सहन करतो, आवाज खराब असला की तो व्हिडिओ बंद करतो.

तिसरी पायरी संकलनाची. इथे मन घट्ट करावे लागते. तासाभराच्या चित्रणातून दोन मिनिटे ठेवायची आणि बाकी सोडायचे. कच्ची जोडणी झाली की ती धंद्याबाहेरच्या माणसास दाखवावी आणि तो कुठे कंटाळतो ते पाहावे. तेथेच कात्री लावावी.

काही व्यापारी म्हणतात, "आमचे काम कापड विकणे, हे काम स्टुडिओवाल्याचे." लग्नसराईच्या मोठ्या जाहिरातीसाठी स्टुडिओ जरूर घ्यावा. मात्र ज्याला काम कळते त्यालाच काम सांगता येते आणि झालेले तपासता येते. दुसरे काही म्हणतात, "मुले यात वाया जातील." मुले आजही तासन् तास व्हिडिओ पाहतात. पाहणाऱ्याला करणारा बनविले तर वाया जाण्याचे प्रमाण कमीच होईल. शिवाय संकलन हे घरी बसून होणारे काम आहे. शिकलेल्या मुलींना ते सन्मानाचा रोजगार देऊ शकते. अट एकच, त्यांना योग्य मेहनताना द्यावा, घरचे काम म्हणून फुकट करून घेऊ नये.

इशारेही द्यायला हवेत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. ज्यांनी आपले सगळे काम तेथेच ठेवले होते त्यांचे दुकान एका रात्रीत बंद झाले. म्हणून मूळ चित्रण आपल्याजवळ ठेवा, दोन ठिकाणी ठेवा. बाहेरून काम करून घेतले तर मूळ चित्रण कोणाचे, हे आधी लिहून घ्या. चित्रपटाचे गाणे परवानगीवाचून लावू नका, त्याला मालक असतो. ज्या कारागिराचा चेहरा दाखवता त्याला विचारा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, संगणकावर रंग खुलविता येतो म्हणून खोटा रंग दाखवू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दंड आहे. पण कायदा नसता तरी मापात कमी देणे आणि पडद्यावर जास्त दाखविणे यांत आम्हांस फरक दिसत नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बाजारातील व्यापारी संघटनेने एक खोली, एक चांगला संगणक, दोन दिवे आणि दोन माइक यांची सोय करावी. तेथे विणकर, रंगारी, शिवणकाम करणारे, भरतकाम करणाऱ्या भगिनी यांच्या मुलामुलींना तीन महिन्यांची तालीम द्यावी. परीक्षा एकच ठेवावी, ती म्हणजे आपल्या घरच्या कामाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, लेखनापासून संकलनापर्यंत स्वतः केलेला. उस्ताद म्हणून या कामात मुरलेल्या माणसास बोलवावे आणि त्याची फी वर्गणीतून द्यावी.

काठ-पदर विणणाऱ्याचे नाव आजवर साडीवर कधी आले नाही. साडी व्यापाऱ्याच्या नावाने विकली जाते आणि विणकर अंधारात राहतो, हे आपण व्यापाऱ्यांनी मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. त्याच्या मुलाच्या हातात कॅमेरा आला आणि त्याने बापाचे काम दाखविले, तर गिऱ्हाइकाला त्या मालाची खरी किंमत समजेल. ज्या मालाची मेहनत डोळ्यांना दिसते त्याचा भाव पाडून मागायला गिऱ्हाईक कचरते, हा आमचा दुकानातला अनुभव आहे. येत्या दिवाळीच्या आणि ईदच्या हंगामापूर्वी निदान एका बाजाराने तरी ही खोली सुरू करावी.