जुन्या गाडीचे जादा दिवे: वायरच्या रंगावर जाऊ नका

वसईची फुलं-भाजी पहाटेच्या अंधारात दादरला निघते, म्हणून जुन्या पिकअपला जादा दिवे लागतातच. पण वायरचा रंग बघून जोडणी करू नका. तिला दहा जणांचे हात लागलेले असतात.

टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला, टोक वायरला लावा. बटणाबरोबर पेटतो-विझतो ती दिव्याची. बटण, चावी बंद असूनही पेटतो ती थेट बॅटरीची.

55 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 9 अँपिअर ओढतात. म्हणून रिले हवाच: 30 ला बॅटरी, 87 ला दिवे, 85-86 ला बटण आणि अर्थ. 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच. दिवा मंद? आधी अर्थ घासा, खाऱ्या हवेत तो गंजतो.

माझं मत स्पष्ट आहे: फ्यूज-रिलेशिवाय दिवा नकोच. उशीर झाला तर दिवसाचा माल जाईल, गाडी पेटली तर हंगाम.